मानोरा रस्त्याची वाकळ

धनज, ता. ४-२-१९७४

चि. देवमन यास बेबीताईचा आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

आमी इकडे खुशाल. तुह्या दाजीचा खोकला तेवढा कोंबड्याच्या आधी उठते. आमचे ग्रामसेवक रामराव कारंजाच्या बाजारातून आले, अन पारावर सांगतलं का देवमन ड्रायव्हर घरात बसून वाकळ शिवून राह्यला. व माय! माहा चहा घशातच अडकला.

बाभळीच्या काट्यानं तुहा पाय सडला, गुडघ्याखालून कापा लागला, मोटरीवरची नोकरी सुटली, याचं दुःख मले का कमी हाय? सात महिने तू दाराबाहेर नाई निंगाला म्हनून मी रडत होती. पन रडनं परवडलं, गड्या, पारावरचं हसनं नाई. एवढी मोठी गाडी हाकनाऱ्या मानसानं गोधडीले टाके घालाचे? दाजी म्हनतात, आता पोलकं बी शिवशील. शिवाचंच असन तर दार लावून शिव, अन कोनी आलं का सुई तुह्या बायकोच्या, वच्छलाच्या हातात दे.

उत्तर लवकर धाडजो. रागावली तरी बहीनच हावो, जीव तुटते.

तुही बेबीताई

*

कारंजा लाड, ता. १३-२-१९७४

ती. बेबीताईले धाकट्या देवमनचा सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. दाजीच्या पोलक्याचं माप धाडजो.

सुई कायले धरली, ते ऐक. पाय गेला तवापासून घरी भेटीवाल्यायची रांग. जो तो येते, खाटेवर बसते, चहा पिते, अन जिथी पाय नाई तिथीच पाहात राह्यते. मंग सांगते का त्याच्या मावसभावाचे तर दोन्ही पाय गेले होते, तो मेला. असा धीर देऊन जाते. त्यायच्या तोंडाकडे पाहू नाई वाटे, म्हनून एक दिवस वच्छलाची अर्धी वाकळ मांडीवर ओढली. मान खाली, हात चालू. मानूस कामात दिसला का भेटीवाले उठतात, हे मले तवा समजलं.

पयला टाका असा वाकडा गेला का माही बायको असून वच्छला खो खो हसली. मी म्हटलं, हे तर मानोऱ्याच्या रस्त्याचं वळन हाय. मंग सुचतच गेलं, ताई. माहा ड्रायव्हरीचा खाकी सदरा अन प्यांट फाडून रस्ता केला. वच्छला रडली, मी नाई रडलो. तिच्या जुन्या निळ्या लुगड्याची नदी केली. नऊ वर्स त्या रस्त्यानं सवारीची मोटर नेली, एकेक खड्डा मले पाठ हाय. तो काळ्या दोऱ्यानं टाचला. सकाळी उठावंसं वाटते आता, इतक्या दिवसात पयल्यांदा. दार काई मी लावत नाई.

हसनाऱ्यायले हसू दे, त्यायले दुसरं काम कुठी हाय! तुही माया मात्र उसवू देऊ नोको.

तुहा देवमन

*

धनज, ता. ३-३-१९७४

चि. देवमन यास अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

तुह्या घरून येऊन आठ दिवस झाले, ती वाकळ डोळ्यापुढून हटत नाई. मी हरली, बाप्पा. दाजी तुह्यासमोर नुसते खोकलत राह्यले, पन इथी पारावर दोन घंटे तिचीच तारीफ केली.

म्हनून एक काम करून टाकलं. महिन्याअखेर कारंजात खेड्यातल्या कारागिरीचं प्रदर्शन हाय. रामरावनं फारम आनला. गोधड्या महिला विभागात, पुरुषायच्या विभागात दोर, टोपले अन बैलाचे साज. रामराव म्हने, नियमात पुरुष शिवत नाई. मंग मी वच्छलाचं नाव घातलं. वाकळीले बक्षीस भेटन, घराची इज्जत राह्यीन, कोनी हसनार नाई. तू फक्त घरी बस अन तोंड बंद ठेव. सात महिन्याची सवय हाय, जड नाई जानार.

कडेवर घेऊन वाढवलं तुले, एवढं तरी ऐकजो.

तुही बेबीताई

*

कारंजा लाड, ता. १-४-१९७४

ती. बेबीताईले सप्रेम जयभीम, वि. वि.

तुहं पत्र वाचून दोन दिवस अन्न गोड नाई लागलं. डॉक्टरनं पाय कापला तो मले इचारून कापला. तू माहं नाव न इचारता कापलं.

प्रदर्शनाच्या दिवशी तुहा शब्द मोडू नाई म्हनून वच्छला वाकळ घेऊन पुढे गेली, अन मले घरात बसवेचना. कुबडी घेतली, निंगालो. चौकातले लोकं पाहात राह्यले, मी बी त्यायले पाह्यलं. पोचलो तं मुख्य पाहुन्याचं भाषन चालू. बायकायची बोटं कशी नाजूक, धीर कसा उपजत, पुरुषाच्या हाताले हे कसं साधत नाई, असं घंटाभर सांगतलं. मंग वाकळीवर बोट ठेवून वच्छलाले इचारलं का हे काळे टाके कायचे. वच्छलानं भर सभेत सांगतलं का ते खड्डे हायेत, अन शिवनारा तो पाहा मांगं उभा हाय.

झाली समितीची पंचाईत! बक्षीस साडी-चोळीचं, ते मिशीवाल्याले कसं द्यावं? एकानं तोड काढली का अपंग म्हनून दयेचं प्रशस्तिपत्र देऊ. मी म्हटलं, साहेब, वाकळ हातानं शिवली, पायानं नाई. समितीवर बसलेल्या तुमच्या रामरावनं चष्मा पुसून नियम वाचले, अन वाकळ कोन्याच विभागात बसत नाई असं ठरलं. बक्षीस गेलं. दाराजवळच्या खांबाले वाकळ टांगली, अन खाली पाटीवर माहं नाव मी सोता खडूनं लिवलं.

बाजाराचे लोकं जाता-येता बोट फिरवून आपलं गाव शोधत. त्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरची हिरीबाई नावाची म्हातारी होती. तिनं पुरा रस्ता बोटानं पाह्यला अन मले इचारलं का आमचा तांडा कुठी हाय. ताई, नऊ वर्स त्या तांड्यापासून गाडी नेली. खड्डा टाचला, तांडा नाई. तिथी थांबा नोता, म्हनून मान वळवून कधी पाह्यलंच नाई. ती हात करत असन, मी हॉर्न वाजवून जात असन. लय लाज वाटली. म्हटलं, माय, मले दाखव.

उद्या सकाळच्या गाडीनं तिकडे चाललो. वाकळ अन सुईदोरा संग हाय. हिरीबाई रस्त्यावर उभी राह्यते म्हने. दाजीले जयभीम. माहा राग गेला, तुही माया धाडत राह्यजो.

नवा ड्रायव्हर म्हनते का तिथी गाडी थांबत नाई. म्हटलं, बाबू, मी बी असंच म्हनत होतो. पन एका पायाचा मानूस चालत्या गाडीतून उतरत नाई, अन उतरल्याबिगर मी दार सोडनार नाई.

तुहा भाऊ,
देवमन, वाकळ शिवनारा