पटवर्धनकाकूंचा काढा

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजही खिडकी लावूनच रोझरीची प्रार्थना म्हटली. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना, आणि आम्ही आपल्याच घरात कुजबुजतोय. आठवडाभर टीव्हीवर धर्मांतरावरून आरडाओरडा चाललाय. चार दिवसांपूर्वी रिया म्हणाली होती, "मम्मी, धीरे बोलो ना, कोणी व्हिडिओ काढेल." माझा नवरा पीटर तर हातात माळ धरून मोबाइलच बघत होता. कामावरून आल्यावर त्याच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. शेवटच्या 'नमो मारिया' मी एकटीनेच म्हटल्या.

मग शेजारच्या पटवर्धनकाकू दारात. "अगं, चार दिवस तुमची प्रार्थना ऐकू येत नाही. ती सुरू झाली की मी देवापाशी दिवा लावते. बरी आहेस ना?"

"घसा बसलाय," म्हणाले मी. का म्हणाले?

दहा मिनिटांत त्या आल्याचा काढा घेऊन आल्या आणि संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. घसा चांगला असताना सगळा प्यायले.

त्या गेल्यावर रियावर उगीच खेकसले. तुझ्यामुळे खिडकी लावावी लागते म्हणून.

तिने फक्त हळू बोलायला सांगितलं होतं. खिडकीची कडी मी लावली.