न पेटवलेला माळ

९ ऑगस्ट

पोचले बाई एकदाची! अंत्सिराबे शहर सोडून पाच दिवस झाले. शेवटचे दोन दिवस टॅक्सीत मांडीवर दुसऱ्याची कोंबडी, आणि उतरताना तीच मला टोचून गेली. पण अंकिलीबेचा माळ पाहिला आणि शीण कुठल्या कुठे पळाला. कमरेएवढं वाळकं गवत, अधूनमधून ताड, आणि मधोमध माझं केंद्र. दोन खोल्या, ओटा, तराजू, गवत वाळवायची भट्टी. पंचेचाळिसाव्या वर्षी का होईना, स्वतंत्र कारभार मिळाला.

घराभोवतीचा चार एकरांचा चौकोन अकरा वर्षं पेटवलेला नाही. त्याच्या चारी बाजूंनी गवत खरवडून दहा पावलं रुंद उघडी माती ठेवली आहे. तिला जाळरेषा म्हणतात. बाहेरचा माळ गुराखी दर हंगामात पेटवतात. आगीआधी बाहेरचं गवत तोलायचं, आगीनंतर उरलेलं तोलायचं, आणि आतल्या गवताशी ताडून पाहायचं, एवढंच काम. पण आजवर आपल्या देशातल्या आगींच्या धुराचा आकडा सगळे परक्या मुलखातल्या गवतावरून काढत आले. आता आपल्या गवताचा आकडा माझ्या हातून निघणार. लिहितानासुद्धा छाती फुगते.

१२ ऑगस्ट

दूध घालायला सुआझारा येते. साठीची, पन्नास झेबू गुरांची मालकीण, जिभेला हाड नाही. मला तिने गवतबाई असं नाव ठेवलंय. गवत तोलता तसा धूरही पोत्यात भरून तोलता का, म्हणून विचारत होती. मी समजावून सांगितलं की कार्बन डायऑक्साइड आम्ही धरतच नाही, पावसाळ्यात नवं गवत तो परत ओढून घेतं, मोजायचा तो मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. तर म्हणे मिथेन माझी गुरं दिवसभर ढेकरांतून सोडतात, जा त्यांच्या तोंडाला पिशवी बांध. दोघी पोट धरधरून हसलो. मग इथल्या रीतीने करपलेल्या भाताचं गरम पाणी प्यायलो.

१५ ऑगस्ट

जाळरेषा पुरती चालून पाहिली. पश्चिमेला हातभर रुंदीचं गवत तसंच उभं! आतून थेट बाहेरपर्यंत. माझ्या आधीचे तुविना निवृत्त होऊन गेले, त्यांच्या वहीत लिहिलंय की पश्चिमेची फट राहू द्यावी. का, ते लिहायची तसदी नाही. गेल्या वर्षी याच फटीतून ठिणगी आत येऊन कोपरा जळाला आणि वर्षाचे आकडे फुकट गेले. मला अर्धवट काम खपत नाही. दोन माणसं लावून फट खणून टाकली.

सुआझारा भडकली. फट बुजवायला नको होती, त्यांना जायला वाट लागते, म्हणाली. मला वाटलं, लावे नाहीतर साळूसारखे ते काटेरी प्राणी. म्हटलं, उडून जातील नाहीतर पळून जातील. ती दुधाचं भांडंही न घेता निघून गेली.

२८ ऑगस्ट

पूर्वेकडून आगी लागल्या. दुपारी सूर्य तांबडा दिसतो, डोळे चुरचुरतात. बाहेरचा जीवजंतू माझ्या गवतात आसऱ्याला आलाय. आज तराजूवर एक सरडा ऐटीत बसला होता. त्यालाही तोललं.

३ सप्टेंबर

चारी बाजू काळ्या झाल्या. राखेचं वजन झकास मिळालं.

आतल्या गवतात मात्र जागोजागी खड्डे पडलेत. गाय बसून उठल्यावर गवत दबतं, तसे. पण गाईगुरं आत आलेली नाहीत. लांबी माणसाएवढी. पूर्वेच्या कडेला मोजले, एकतीस.

४ सप्टेंबर

साठाच्या वर. आता घराच्या दिशेने सरकलेत, शेजारी शेजारी, मध्ये वीतभरही जागा न सोडता. एकात हात घातला. सावलीतली जागा, सकाळची वेळ, तरी आत ऊब. मी हात झटकून घरात आले आणि साबणाने तीनदा धुतला. वेडेपणा आहे, कळतंय मला.

५ सप्टेंबर

आज नमुने आणायला निघाले. पायवाटही दबलेली होती. पाय टाकला, तर पायाखाली जमीन नव्हती. मऊ होतं, आणि ते हललं. कोणीतरी दुखल्यासारखं कण्हलं. मी धावले, पाऊल पडेल तिथे तेच. कुणीतरी घोटा धरला! डोळ्यांना मात्र काही दिसत नव्हतं, नुसतं गवत. कशीबशी ओट्यावर परतले. घोट्यावर पाच बोटांचे वळ आहेत. ओट्यापासून जाळरेषा चाळीस पावलांवर आहे. चाळीस!

६ सप्टेंबर

सुआझारा जाळरेषेपलीकडे उभी राहिली. मी ओरडून सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिनेही ओरडूनच सांगितलं. माळावर मेले, ज्यांचं प्रेत सापडलं नाही, ज्यांना कुळाच्या थडग्यात जागा नाही, ते गवतात पडून असतात. तिच्या गावची माणसं दरवर्षी पूर्वेकडून माळ पेटवतात ते नुसतं गुरांसाठी नाही. आग त्यांना पुढे ढकलते, पश्चिमेला, समुद्राकडे. माझ्या चौकोनात ते टेकतात आणि फटीतून पुढे जातात. उघड्या मातीवर त्यांचं पाऊल पडत नाही; पूर्वेला वाऱ्याने गवताची राख मातीवर पसरते, तिच्यावरून ते आत येतात, पश्चिमेला मात्र फटच हवी.

मी विचारलं, हे आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, सांगितलं होतं गं बाई, तू उडून जातील म्हणालीस.

मग तिने विचारलं, त्यांच्यात एक डाव्या पायाने अधू आहे का. तिचा नवरा. गुरं चोरणाऱ्यांच्या मागावर गेला तो आलाच नाही. मी म्हटलं, मला दिसत नाहीत. ती बराच वेळ रडली.

माझीच चूक. मीच कोंडलं त्यांना, आणि मलाही.

८ सप्टेंबर

ओटा भरला. अंगण शेणाने सारवलेलं, म्हणजे त्यांना गवतच. दाराच्या फळ्या आत वाकतात. पाणी एक घागर. तांदूळ आहे, शिजवायला पाणी घालवत नाही.

मला घरी जायचंय. आकडा गेला खड्ड्यात.

९ सप्टेंबर

सुआझाराने उपाय काढला. पश्चिमेच्या उघड्या मातीवर कापलेलं गवत अंथरायचं, वाट करायची. मग पूर्वेकडून माझा चौकोन पेटवायचा. घर विटांचं, छत पत्र्याचं, भोवती अंगण सारवलेलं. दारंखिडक्या लावून आत बस, म्हणाली, गवत काय, भात शिजायच्या वेळात जळून जातं. ते निघून जातील, मग तू ये.

अकरा वर्षांचं गवत. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं.

फक्त सकाळीच पेटवा, असं दोनदा ओरडून सांगितलं. सकाळी वारा पूर्वेचा असतो. दुपारी समुद्रावरून उलटा फिरतो.

१० सप्टेंबर, सकाळ

पश्चिमेला माणसं गवत अंथरतायत. किती सावकाश! खिडकीच्या फटीतून दिसतंय. ओट्यावरच्यांनी दारावरचा भार काढलाय. त्यांनाही कळलं असावं.

दुपार

अजून अंथरतायतच. मी ओरडतेय, उद्या करा, उद्या — बंद खिडकीतून नीट ऐकू जात नाही. सुआझारा हात हलवतेय. तिला वाटतंय मी हो म्हणतेय.

पेटवलं.

पेटलं, छान पेटलं. पूर्वेची कड गेली. गवत एकदम उभं राहिलं, सगळे खड्डे एकदम! उठले ते. निघाले. पश्चिमेला, वाटेकडे — जा, जा रे बाबांनो — सुआझारा तिथे उभी आहे, हात जोडून —

वारा पडला.

वारा फिरला. अंथरलेल्या गवतात आधीच ठिणगी उडून पडली होती, ते पेटलं. वाटच पेटली. सुआझारा मागे पळाली. आता दोन्हीकडून —

ते थांबले. गवत पुन्हा वाकतंय. इकडे. सगळीकडून इकडे.

इथेच तेवढं जळणार नाही. त्यांना माहीत आहे. चौकोनात आता न जळणारं एवढंच —

दार गेलं. दिसत काहीच नाही. खाट दबली. गादी दबली. तराजूचा काटा शेवटापर्यंत जाऊन तिथेच —

भिंतीला टेकलेय. ऊब. चहूबाजूंनी अंगं. ढकलत नाहीत, नुसते आत येतायत. अजून येतायत. कुणीतरी माझ्या पायावर पाय — एक पाय ओढत — सुआझारा, तो इथे —

छाती फुगत नाही. लिहायला कोपर हलवायला जागा

जरा सरका हो, मला श्वा