बदामाआडचा डोळा

घोडनदी, सोमवार

ती. सौ. सुलक्षणावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, राजश्रीचा, वाकून नमस्कार.

देवाच्या दयेने तिकडे राहू गावात सगळे खुशाल असाल, तुमचा गुडघाही बरा असेल. (आमच्या घरून केलेला एक जरी फोन तुम्ही उचलला असता, तर गुडघ्याचं तोंडानंच विचारलं असतं. असो.) तुमचे बंधू बरे आहेत. मी बरी आहे का, ते हे वाचून तुम्हीच ठरवा.

आपली शर्वरी सात महिन्यांची झाली. तिची डावी पापणी जरा खाली, बाहुलीही बारीक. रडली की उजवा गाल लाल, डावा पांढराच (अर्धीच रडते की काय, देव जाणे). मी डाव्या डोळ्यात काजळ जाड घालून दोन्ही सारखे करत होते. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी आधी काजळ पुसलं, मग डोळा सोडून मान चाचपली, मग पोट! मी म्हटलं, "साहेब, डोळा वर हाय." ते म्हणाले, डोळ्याची एक नस छातीतून, मानेतून वर जाते, वाटेत कुठं गाठ बसली तरी पापणी पडते. काही पोरांना हे जन्मापासूनच असतं आणि गाठ नसतेही, पण बघायलाच हवं. म्हणजे घरातला बल्ब मिणमिणतो आणि वायरमन शेतातल्या खांबावर चढतो, तसं. लघवी तपासायची, पुण्याला मान, छाती, पोट यांचा फोटो काढायचा. डोळ्यासाठी लघवी! गाठ असली तर तिची खूण लघवीत उतरते म्हणे. मी वहीत लिहून घेतलं, तीनदा वाचलं, अजून कळलेलं नाही. मारुतीला नारळ बोललेय, त्यालाही नीट काय सांगू?

डॉक्टरांनी जन्मावेळचे फोटो मागितले, पापणी तेव्हापासून खाली आहे का ते बघायला. माझ्या मोबाईलात चाळीस फोटो. चाळीसही फोटोंत दृष्ट लागू नये म्हणून मी तोंडावर मोबाईलातला लाल बदाम चिकटवलेला, बिनबदामाचा एकही ठेवला नाही. डॉक्टरांनी चाळीसही बदाम बघितले आणि मोबाईल परत दिला.

शेजारचे सर्जेराव तुमच्या राहूला निघालेत, त्यांच्याच हाती चिठ्ठी देते.

आपली,
राजश्री

ता.क. बारशाला तुम्ही बदामाशिवाय एक फोटो काढलात. "पोरीचा एक डोळा झोपाळू दिसतुया," असंही म्हणालात. त्यावर मी चारचौघींत जे बोलले, ते माझ्या लक्षात आहे. तो फोटो पुसायला लावला होता. पुसला नसेल तर पाय धरते, तेवढा पाठवा.

पुन्हा ता.क. पुण्याला बुधवारी जायचंय. तिथं पोरीला धरायला मी एकटी पुरणार नाही. फोटो पुसला असला, तरी तुम्ही या.