तलवाड्याला फारो कोण?

तलवाडा, ता. गेवराई
दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप धर्मराजदाजी यांच्या चरणी तुमच्या धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे अभिमन्यूचा, दाराला आतून कडी घालून केलेला नमस्कार.

तुमची साखर कुठवर आली? ताईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना चढू नकोस, आणि इकडची काळजी करू नकोस. (काळजी करण्यासारखंच आहे, पण तिला सांगू नका.) आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते तुमच्याआधी निम्म्या गेवराईनं वाचलेलं असतं. फोनवर बोलावं तर आमच्या घरमालकीण वत्सलाबाई भिंतीपलीकडं टीव्हीचा आवाज कमी करतात. परवा तर त्यांनी मालिका ऐन भांडणात आलेली असताना टीव्ही बंदच केला, तेव्हाच मी समजलो की आता कागदाशिवाय कुणावर भरवसा नाही.

दाजी, तुम्ही उभा जन्म कॉलेजात इतिहास शिकवला आणि कधी मार खाल्ला नाही. मी विज्ञानाचा माणूस. बेडकाचं हृदय किती कप्प्यांचं हे सांगितल्यावर कुणी अंगावर येत नाही. पण आमचे इतिहासाचे सर बदलून गेले आणि आठवीला 'जगाच्या इतिहासाची ओळख' असा जो जादा तास आहे, तो माझ्या गळ्यात पडला. पहिलाच धडा एकच देव मानणाऱ्या तीन मोठ्या धर्मांचा: ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम. आमचे मुख्याध्यापक पंडितसर मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "शिकवा बिनधास्त. फक्त कोणाच्या भावना दुखवू नका." बिनधास्त म्हणताना मात्र त्यांनी मागंपुढं पाहिलं.

मग मी जी खबरदारी घेतली ती कुणी बॉम्ब उचलतानाही घेत नसेल. फळ्याचे तीन सारखे भाग केले, अगदी टेपानं मोजून. तिन्ही धर्मांना सारख्याच ओळी दिल्या. एकाला खडू कमी पडला असं कुणी म्हणू नये म्हणून तिघांना तीन नवे खडू घेतले. या तिघांचा मूळपुरुष एकच, ज्याला कुणी अब्राहाम म्हणतात, कुणी इब्राहीम, असं सांगितल्यावर वर्गाचे चेहरे एकदम उजळले. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी भावकी हाय की सर!" दुसरा लगेच म्हणाला, "मंग बांधावरून भांडणं असत्याल." जगाच्या इतिहासावर यापेक्षा नेमकं मी तरी कुठं वाचलेलं नाही, पण त्या क्षणी मला दाद द्यायचं सुचलं नाही. मी खिडकीतून कोणी ऐकतंय का ते पाहिलं आणि फळा पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायची होती. तिन्ही धर्मांना चालेल असा माणूस रात्रभर शोधला आणि मोशे सापडला. ज्यूंचा तो मोशे, ख्रिस्ती लोकांनाही तो मान्य, आणि आमची तबस्सुम तर नाव घेताच म्हणाली, "आमचे मूसा अलैहिस्सलाम, सर. अब्बांनी सांगितलंय, फिरऔन बुडतो शेवटाला." माझा जीव भांड्यात पडला. फारो राजानं, म्हणजे तबस्सुमच्या फिरऔननं, विटा पाडायला लावलेली माणसं, त्यांना सोडवायला आलेला मोशे, दुभंगलेला समुद्र, यात तलवाड्यातल्या कुणाच्या भावना दुखावणार?

दाजी, इथं घात झाला. पोरांनी विचारलं, "सर, फारो म्हंजी कसा?" राजा म्हणालो तर त्यांना मुकुटच दिसायला लागला. सरपंच म्हणावं तर गेलोच. आमदार म्हणावं तर तुम्हालाच मला न्यायला यावं लागलं असतं. ज्याचा धर्माशी काही संबंध नाही, पक्षाशी नाही, असा एखादा साधा दाखला शोधत माझी नजर वर्गावरून फिरली. निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप ऊसतोडीला जातात. माझ्या तोंडून निघून गेलं, "समजा, टोळीचा मुकादम. हंगाम सरेपर्यंत कुणाला हलू न देणारा." इतका चटकन कळलेला धडा मी माझ्या नोकरीत पाहिलेला नाही. फारोच्या राज्यावर आलेली बेडकांची पीडा, टोळधाड, अंधार, एकेक ऐकताना पोरं बाकावर उभी राहिली. समुद्र मिटला आणि फारो बुडाला तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पंडितसर ऑफिसातून बाहेर येऊन पुन्हा आत गेले. टाळ्या न वाजवणारी एकच पोरगी होती. पहिल्या बाकावरची मंजुषा. तानाजी मुकादमाची थोरली लेक.

तानाजीराव तुम्ही पाहिलेले नाहीत. मिशा सांगत नाही, त्या दारातून आधी आत येतात. गावातल्या सगळ्यांत मोठ्या टोळीचे ते मुकादम, आणि त्यात भर म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. त्याच संध्याकाळी वत्सलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, मुकादम इचारीत व्हता, तुमी घरी कवा असता म्हनून." एवढं सांगून त्या माझ्याकडं फार मायेनं पाहत उभ्या राहिल्या. मला ते आवडलं नाही.

तेव्हापासून मी शाळेत मागच्या कपाशीतून जातो. (पँटीला अडकलेली बोंडं वर्गात पोरं मोजतात.) पाणवठ्यावर बायका मुकादमाला फारो म्हणून हसू लागल्या आहेत. चहाच्या हॉटेलात मुकादमाची जीप थांबली की टोळीतला पप्पू "फारो आला बे" म्हणून हाळी देतो आणि वर "आमच्या सरांनीच सांगितलंय" असं माझं नावही घेतो. शिकवलेलं विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोचावं असं प्रशिक्षणात सांगतात. पोचल्यावर शिक्षकानं कुठं जावं ते सांगत नाहीत.

शेवटी शनिवारी ते आले. मधल्या सुट्टीत जीप आत शिरली, पंडितसर "आलोच" म्हणून जे गेले ते प्रार्थनेची जागा ओलांडून थेट रस्त्याला लागले, आणि मी आठवीच्या वर्गात सापडलो. तानाजीराव पोरांच्या बाकावर बसले, गुडघे छातीला टेकले तरी बसले. मी टेबलाला धरून उभा. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "सर, गोष्ट लई बेस हाय. पर कावून उलटी सांगितली?"

मला काही कळेना. मग ते सावकाश सांगायला लागले. फारो म्हणजे साखर कारखाना. हंगाम सरल्याशिवाय तो कुणालाच सोडत नाही, मुकादमालासुद्धा. आणि माणसं पुढं घालून थंडीवाऱ्यात मुलखातून हिंडतो, त्यांची भांडणं तोडतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, वर शिव्या खातो, तो कोण? "त्यो मी. मोशे मी हाय, सर." नंतर पुढं झुकून हळूच विचारलं, "किती कोयते व्हते त्येच्याकडं?" (दाजी, नवरा-बायकोच्या जोडीला इथं एक कोयता म्हणतात.) मी घाबरत सांगितलं, पुस्तकात सहा लाख पुरुष लिहिलेत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "येकाच मुकादमाकडं?" म्हणाले, आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. मग वाटेत ती माणसं कांदा-लसणासाठी कुरकुरत होती, आधी होतो तेच बरं म्हणत होती, असं सांगितल्यावर त्यांनी बाकावर अशी थाप मारली की माझी शुद्ध जायची राहिली. "आमची बी आसंच करत्यात!"

आता संकट असं की, परवा टोळी निघायची आहे. नारळ फोडला की सगळ्यांसमोर मी उरलेली गोष्ट सांगायची, असा हुकूम आहे. टोळीला वाटतं मुकादम फारो, मुकादमाला वाटतं तो मोशे, आणि दोघांनाही वाटतं मी त्यांच्या बाजूचा. त्यात मी पुढचं वाचून काढलं. दाजी, देवानं देऊ केलेल्या मुलखात मोशे पोचतच नाही. डोंगरावरून तो मुलूख लांबून बघतो आणि मरतो. इजिप्तातून निघालेली मोठी माणसंही वाटेतच सरतात. हे मी टोळीच्या चालू ट्रॅक्टरसमोर उभं राहून कसं सांगू? तेव्हा एक विनंती आहे. परवा तुम्ही आजारी पडाल का? फार नको, साधा ताप चालेल, म्हणजे मला बीडला धाव घ्यावी लागेल. नाहीतर तुम्हीच येऊन ही गोष्ट सांगा. पाहुण्याला सहसा मारत नाहीत.

तुमचा भेदरलेला,
अभिमन्यू

ता. क. हे पत्र वेळेत पडलं नाही, कारण टपालपेटी मुकादमाच्या घरासमोर आहे आणि मी दोनदा अर्ध्यातून परत आलो. आजारपण रद्द समजा, सगळं होऊन गेलं. ट्रॉल्यांत बैल, शेळ्या, हंडे, गोधड्या आणि त्यांवर माझी निम्मी आठवी बसलेली. नारळ फुटला. खोटं सांगायचं ठरवून मी उभा राहिलो, पण खोटं बोलायलाही थोडं धैर्य लागतं, ते नव्हतं. म्हणून खरं तेच सांगून टाकलं: मोशे पोचला नाही, मोठी पोचली नाहीत. मला माझ्याच दातांचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात ट्रॉलीतून दगडाबाई म्हणाल्या (नातवंडं सांभाळायला त्या दरसाल टोळीबरोबर जातात), "मंग पोचलं कोन?" मी म्हणालो, त्यांची पोरं. म्हातारीनं एकेका नातवंडाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खाली उतरली आणि वर हात करून नातवंडांना म्हणाली, "उतरा रं खाली. आपुन न्हाई जायाचं." तिच्या सुनेनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि पोरांचं बोचकं खाली दिलं. मग दुसऱ्या ट्रॉलीतूनही बोचकी आणि पोरं खाली यायला लागली. मी मुकादमाकडं पाहिलंच नाही. पाहवलं नाही.

ता. क. दुसरा. ते रागावले नाहीत. जीपमध्ये चढता चढता मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरं तुमच्या हवाली, सर. येताना मोजून घेईन." टोळी नजरेआड होईपर्यंत पोरं हसत हात हलवत होती आणि मग सगळी एकदम रडायला लागली. मीही थोडा रडलो. मागं राहिलेल्या पोरांसाठी सरकारी हंगामी वसतिगृह मागणारा कागद वर गेला आहे, तो यायचा तेव्हा येईल. तूर्त सगळी शाळेच्या दोन खोल्यांत आहेत, दगडाबाई भाकरी थापतात, आणि पंडितसर म्हणतात की त्यांना यातलं काही माहीत नाही, पण त्यांनी गव्हाचं पोतं आणून टाकलं आहे.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. ताईची मोठी परात, जुन्या सतरंज्या आणि जमलं तर ताई, एवढं गेवराईच्या एस.टी.त बसवून द्या. मला झोप नाही. सकाळी मोजतो, दुपारी मोजतो, निजताना कंदील घेऊन पुन्हा मोजतो. एखादं कमी भरलं तर काय, या धास्तीनं आकडाच चुकतो. आज मात्र नीट, बोट लावून लावून मोजली. एक जास्त भरलं. कुणाचं आहे ते विचारायची भीती वाटते, विचारलं आणि निघून गेलं तर? दगडाबाईंना म्हटलं, एक भाकरी वाढवा.