कॉलरवरचं नाव

रविवार, १२ जानेवारी

देऊन टाकला! यांचा कोट देऊन टाकला, आणि सासूबाईंना सांगितलं नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर आता अकरा जण झोपतात. कारखाना बंद पडल्यापासून दर आठवड्याला एक-दोन वाढतातच. सगळ्यात वरच्या पायरीवरचा तो खोकणारा — या थंडीत अंगात नुसता सदरा. आम्ही सगळे त्याला वळसा घालून आत गेलो, आणि आत बसून बेघरांसाठी प्रार्थना केली! माझीच मला लाज वाटली. घरी आले, कपाट उघडलं, कोट घेऊन तशीच परत गेले. तो म्हणाला, "बाई, हा कुणाचा तरी जपलेला कोट आहे." मी तो त्याच्या अंगावर टाकला आणि निघाले.

सोमवार, १३ जानेवारी

सासूबाई दर शनिवारी त्या कोटाला ब्रश मारतात. हे जाऊन चार वर्षं झाली, एक शनिवार चुकला नाही. म्हणजे माझ्याकडे पाच दिवस. हँगरवर माझी शाल अडकवून ठेवली आहे. कुणाला फसवतेय मी!

बुधवार, १५ जानेवारी

वरची पायरी रिकामी. शेजारच्या पायरीवरचा म्हणाला, "काल गाडीतून नेला. खोकल्यातून रक्त पडत होतं." गावात इस्पितळ एकच — आमचंच. पण मी तळघरात, लाँड्रीत. आम्हाला वर वॉर्डात जायची मनाई. नऊ होतो त्या पाच उरलो, मुकादमबाईंना सहावी काढायला निमित्तच हवंय — सहावी नाही, पाचवी! डोकं ठिकाणावर नाही माझं.

आणि चौकशी तरी कोणत्या नावाने करू? दिवसभर चादरींवर लाल दोऱ्याने वॉर्डांची नावं घालते. घरात नावाशिवाय एक रुमाल सोडला नाही. हे म्हणायचे, "झोपेत माझ्या कानावर टाके घालशील एक दिवस." आणि त्या माणसाला साधं नाव विचारलं नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

पांढरी गाठोडी आजाऱ्यांच्या कपड्यांची, ती धुऊन परत जातात. काळी गेलेल्यांची, ती थेट जाळायच्या भट्टीत. आज काळी सात आली. सातही सोडून पाहिली. मुकादमबाई सगळ्यांदेखत ओरडल्या, "मेलेल्यांचे खिसे चाचपतेस?" कान लाल झाले. पण कोट नव्हता. देवा, तुझे उपकार!

मग वाटलं, उद्या असेल.

शनिवार, १८ जानेवारी

सासूबाईंनी ब्रश घेतला. कपाट उघडलं. बंद केलं. ब्रश परत खणात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, २० जानेवारी

सापडला! पांढऱ्या गाठोड्यात! आणि वर चिठ्ठी — खाट चौदा, आणि पुढे यांचं नाव. पूर्ण नाव. तो शुद्धीत नव्हता, तेव्हा कॉलरवर मी लाल दोऱ्याने घातलेलं यांचं नाव वाचून तेच लिहिलं त्यांनी. आठवडाभर हे वर खाटेवर होते आणि मी खाली चादरी शिवत होते!

गेले वर. गेली नोकरी तर गेली. नर्सला सांगितलं, हे नाव माझ्या नवऱ्याचं, ते वारले. तेवढ्यात त्यानेच डोळे उघडून स्वतःचं नाव सांगितलं. नर्सने विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"कुणी नाही." तोंडातून निघून गेलं.

गुरुवारी सोडणार म्हणे. घरच्यांनी सही करून नेलं तर ठीक, नाहीतर फाटकाबाहेर. "खाटा कमी आहेत, आम्ही तरी काय करणार? पण ही छाती पुन्हा पायरीवर टिकायची नाही."

मंगळवार, २१ जानेवारी

सगळं सांगून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "शनिवारीच कळलं. म्हातारी आहे मी, आंधळी नाही." मग ताट सरकवलं. "माझ्या मुलाचा कोट, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस!" मी म्हटलं, त्याला इथे आणू या. "या एका खोलीत? तुझी नोकरी गेली तर तिघांनी काय खायचं?" खरंच होतं. मोरीत जाऊन रडले.

बुधवार, २२ जानेवारी

झोपताना सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तो वॉर्ड कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"बंद आहे."

"हं." आणि कूस बदलली. मला झोप कसली येतेय! उद्या मीच सांगणार, बहीण आहे म्हणून. पण नर्स आता कशी विश्वास ठेवेल?

गुरुवार, २३ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत वर पळाले. खाट चौदा रिकामी, चादर बदललेली.

नर्स म्हणाली, "अहो, सकाळीच नेलं की! त्या आजी तीन जिने चढून आल्या. धाप थांबेना, तरी बसायला तयार नाहीत." वही माझ्यापुढे सरकवली. यांचं नाव खोडलेलं, वर त्याचं स्वतःचं. शेजारच्या नात्याच्या रकान्यात सासूबाईंचं वाकडंतिकडं अक्षर — आई.