शेगडीची बटणं

३ तारीख, सोमवार

अहो वाचणारे, कालचं काही आठवतंय? नाही ना! म्हणून तर हे पान. डॉक्टर म्हणाले, रोज लिहिलं की डोकं ताजं राहतं. मी सांगते, हे लिहितात. आणि सकाळी वाचून मलाच विचारतात, “अक्षर सुरेख आहे, कोणाचं?” तुमचंच, मास्तर! मला अ म्हणजे वाकडा खिळा वाटतो.

४ तारीख, मंगळवार

दूध जळालं. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, ह्यांनी गॅस पेटवला आणि पेपर वाचत बसले. पातेलं काळंठिक्कर! संध्याकाळी मुलगा आला, शेगडीची बटणं उपसून खिशात घातली. “आई, तू गुडघे धरून किती धावणार? उद्यापासून डबा पाठवतो.”

लिहा की, लाजता कशाला?

६ तारीख, गुरुवार

डबा येतो. भाजी गार, घर गार. हे बिनबटणाच्या शेगडीपाशी पाहुण्यासारखे उभे राहतात.

नातीचा फोन — “आजोबा, शनिवारी येते. पाणी तापल्यावर प्रवाह कसे होतात ते दाखवा ना, शाळेत कळलंच नाही.” अख्खी नोकरी ह्यांनी हा धडा शिकवला. फोन ठेवून मला विचारतात, “कसले प्रवाह?”



७ तारीख, शुक्रवार

आज विचारलं, “बाई, तुमचं नाव काय?” म्हटलं, तुमची बायको. “तरीच! आवाज ओळखीचा वाटला.”

८ तारीख, शनिवार

नात आली. मुलगा एकच बटण लावून पहाऱ्याला उभा राहिला, बाकीची खिशातच. नातीने पुस्तकात बघून मांडलं — काचेच्या भांड्यात पाणी, तळाला एका कडेला विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधाचा खडा, त्याच्याखाली बारीक आच. हे वाकून भांड्यात बघतात. मग खड्यातून जांभळा धागा उठला, वर गेला, पलीकडे वळला, खाली उतरला — आणि मास्तर बोलायला लागले!

“खालचं पाणी तापलं की फुगतं. वजन तेवढंच, जागा जास्त, म्हणून ते हलकं. गार पाणी जड. ते खाली घुसतं आणि ह्याला वर ढकलतं. वर गेलेलं गार झालं की परत खाली.”

“मग फिरतच राहतं?”

“आच आहे तोवर.”

धडा संपला आणि ह्यांनी — कोणी न सांगता! — बटण फिरवून गॅस बंद केला. वर्गातली सवय. मुलगा बघतच राहिला.

म्हटलं, “बघतोस काय? ह्यांना स्वयंपाक आठवत नाही, धडा आठवतो. मग मी रोज शेजारी उभी राहून धडाच मागीन. एरवी बटणं माझ्याकडे. काढ खिशातून!”

९ तारीख, रविवार

आज परत नाव विचारलं — हजेरी घ्यायला! म्हटलं, “हजर.” ह्या वयात शाळेत बसले बाई.

मुलाला कळवायचं — डबा बंद. तांदूळ पाठव, कच्चे बटाटे पाठव, आणि दूध जरा जास्तच. उद्याचा धडा, दूध उतू का जातं.