सिनेमातल्या चौदा चुका

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

सांगून टाकलं एकदाचं! कार्तिक तमिळ आहे, इथे चेन्नईतच, अंबत्तूरला माझ्याच ऑफिसात आहे, आणि लग्न करीन तर त्याच्याशीच. अप्पा पेपर वाचत होते, वाचतच राहिले. पान मात्र उलटलं नाही. मग म्हणाले, "बघू."

अम्मा म्हणते, "नको असतं तर ओरडले असते गे!"

गुरुवार, ८ जानेवारी

अजून "बघू"च.

शुक्रवार, ९ जानेवारी

नवा तमिळ सिनेमा लागलाय. तंजावरची मराठा राजकन्या, शत्रूचा तमिळ सेनापती — प्रेम, मग युद्ध. मैलापूरच्या आमच्या तंजावरी मराठी मंडळाने अप्पांवर कामगिरी सोपवली: चुका टिपून आणा, दिग्दर्शकाला पत्र धाडू. अप्पा एवढे खूश! वही घेतली, अंधारात लिहायला दिव्याचं पेन घेतलं, सोबत मला घेतलं.

राजकन्येची नथ दिसली आणि अप्पा उठून उभेच राहिले. "अय्यो, उजवीकडं! ती तमिळ बायकांची रीत! आमच्यांत डावीकडं घालतात गे!" मागून कुणीतरी ओरडलं, "सार, उक्कारुंग!" मी शर्ट धरून त्यांना खाली बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंटरव्हलपर्यंत तेरा चुका!

नंतर अप्पांनी पेन उचललंच नाही. राजा मुलीला काही विचारतसुद्धा नाही, सरळ सैन्य पाठवतो. सेनापती मरतो. ती तटावर उभी राहून वाट बघते... अप्पांनी रुमाल काढला. मीही रडत होते. एकमेकांकडे बघितलं नाही आम्ही. किती आवडतात मला अप्पा! आणि किती राग येतो!

शनिवार, १० जानेवारी

मंडळाच्या मालोजीकाकांचा फोन — यादी कुठाय? अप्पा म्हणाले, "अजून पुरी झाली नाही."

सिनेमा तर संपला की!

सोमवार, १२ जानेवारी

सकाळी निघताना अप्पांनी वही हातात कोंबली. "टाइप कर. मंडळाला पाठवायचंय." आणि लगेच आत गेले.

बसमध्ये उघडली. पहिली चूक — नथ उजवीकडे. ती खोडलेली, शेजारी बारीक अक्षरात: चालेल.

चौदावी इंटरव्हलनंतरची. "राजाने त्या पोराला आधी एकदा घरी जेवायला बोलवायला हवे होते."

त्याच्याखाली: "गुरुवारी पोंगल आहे. कार्तिकला विचार, तिखट चालतं का?"